अर्धी फेरी

मी तबकडी बोलतेय. गाणी वाजवणारी, फडक्यात गुंडाळून कपाटात जपायची ती नव्हे. मी लोखंडाची आहे. माझ्यावर एक मालमोटार आरामात उभी राहते, एवढी रुंद. एका फोटो स्टुडिओच्या जमिनीत, फरशीच्या पातळीला मला बसवलंय आणि वरून पांढराशुभ्र रंग फासलाय. मोठ्या वस्तू माझ्यावर चढवतात. मी त्यांना फिरवते, कॅमेरा समोर जागचा हलत नाही. थोडं फिरले की थांबते, एक फोटो. पुन्हा थोडं, पुन्हा फोटो. हे सगळे फोटो ओळीने जोडले की कुठल्या कुठे बसलेल्या माणसाला पडद्यावर बोट सरकवून ती वस्तू गरगर फिरवता येते. पुढून, मागून, चहूबाजूंनी. गिऱ्हाइकाला वाटतं, आपण सगळं बघितलं.

त्याला तसं वाटायला लावणं, हाच आमचा धंदा.

वस्तू आपली कहाणी सांगते तेव्हा तिने नम्र असावं, अशी माणसांची अपेक्षा असते. जन्मदात्याचे आभार, मालकाची माया, शेवटी डोळ्यांत पाणी. मला ते जमणार नाही. तसलं हवं असेल तर एखाद्या फाटक्या छत्रीकडे जा.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. जाड पत्रे कापून, जोडून माझी पाठ बनली. पोटाखाली एक भलंमोठं दातेरी कडं बसवलं. त्या कड्याला एकाच जागी एक छोटं दातेरी चाक भिडतं आणि त्या चाकाला मोटर. मोटर फिरली की छोटं चाक माझ्या एकेका दाताला पुढे ढकलतं आणि मी फिरते. माझ्याखाली एक उथळ खड्डा आहे. दुरुस्तीसाठी माणूस त्यात सरपटत जाऊ शकतो. जाऊ शकतो म्हटलं. कुणी जात नव्हतं.

माझा मालक पूर्वी लोकांचे चेहरे टिपायचा. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि त्याच्या दारात कुत्रं फिरकेना. तेव्हा त्याने मला आणलं. माझ्यामागे पांढरी भिंत उभारली. ती खाली येताना वळून जमिनीला मिळते, म्हणजे फोटोत कोपरा दिसत नाही. सुरुवातीला त्याने इमानाने काम केलं, हेही सांगायला हवं. सोफे, कपाटं, होड्या, पिठाची यंत्रं, जुन्या गाड्या. प्रत्येकाची पूर्ण फेरी. माझा प्रत्येक दात कामाला लागायचा.

माझ्यावर चढलेल्या वस्तूंवरून मी माणसांची एक खोड शिकले. विकायला आणलेली वस्तू माणसं एकाच बाजूने पुसतात. दारातून येताना जी बाजू दिसणार, तेवढीच. मी वळले की मागची बाजू उजेडात येते आणि वस्तूचा मालक कानकोंडा होतो. "ते जरा भिंतीला लागलेलं असायचं हो." सगळ्यांच्याच मागच्या बाजू भिंतीला लागलेल्या असतात.

एके दिवशी एका होडीचे फोटो चालू असताना अर्ध्या फेरीत मोटर तापून बंद पडली. फोटो त्याच दिवशी द्यायचे होते. मालकाने डोकं लढवलं. जेवढी बाजू टिपली होती तिचीच प्रतिमा कॉम्प्युटरवर आरशासारखी उलटवली आणि दुसरी बाजू म्हणून जोडून दिली. होडीवरचं नाव उलटं आलं, ते कापून सुलटं चिकटवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. गिऱ्हाइकाने उलट कौतुक केलं की दोन्ही बाजू किती सारख्या ठेवल्यात.

झालं. वाघाला रक्ताची चव लागली. अर्धे फोटो, अर्धे दिवे हलवणं, अर्धी पुसापुशी आणि बिल पूर्ण फेरीचं. लवकरच त्याने माझ्या कडेला एक खटका बसवून घेतला. अर्धी फेरी झाली की मी आपोआप थांबायची आणि आल्या वाटेने उलटी फिरून जागेवर यायची. अर्धी पुढे, अर्धी मागे. वर्षानुवर्षं. खुंट्याला बांधलेलं जनावर दोरीएवढंच फिरतं, तशी.

मालकाने या लबाडीला तत्त्वज्ञान पण जोडलं होतं. वडीलधाऱ्यांचं असंच असतं, आधी पाप करतात आणि मग त्याच्यावर प्रवचन देतात. तो म्हणायचा, "देवाने सगळं दोन्हीकडे सारखंच केलंय. दोन डोळे, दोन कान, दोन हात. उगाच दोनदा कशाला काढायचं?"

"काळीज एकाच बाजूला असतं, बाबा," असं त्याला तोंडावर सांगणारी एकच होती. त्याची धाकटी मुलगी. तिला सगळे बारकी म्हणायचे.

बारकी कॉलेजात जात होती. मध्येच मालकाने तिला काढलं. "डिग्री घेऊन काय दिवे लावणार आहेस?" असं म्हणून तिला माझ्या कडेचे दिवे लावायला आणून उभं केलं. आणि मग तोच बाप आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्या हिने शिक्षण अर्धवट सोडलं. चिकाटीच नाही आजकालच्या पोरांना." समोर टेबलाशी बसलेली त्याची थोरली बहीण, म्हणजे बारकीची आत्या, मान हलवायची. "आमच्या वेळी असं नव्हतं." तुमच्या वेळी काय होतं, आत्याबाई? तुमच्या वेळी पण मुलं गप्प बसत होती आणि तुम्ही त्यालाच संस्कार म्हणत होता.

पण काम मात्र बारकीला यायचं. गाडी उतरली की टायरचे काळे पट्टे ओल्या फडक्याने पुसत ती माझ्यावर गुडघ्यांवर फिरायची. दिव्यांशी भांडायची. "अरे नीट पड की अंगावर, मेल्या!" मला थोपटायची. "चल म्हातारे, आणखी एक." मी म्हातारी नव्हते. पण तिच्या तोंडून चालायचं.

मग ती पाळणागाडी आली.

पाळणागाडी म्हणजे छोटा ट्रक, त्याच्या पाठीवर घडीचा लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला पिंजरा. पिंजऱ्यात माणूस उभा राहतो, हात उलगडतो आणि माणूस वर जातो. उंचावरचे दिवे बदलायला, दुकानांच्या पाट्या लावायला. जुन्या यंत्रांचा एक दलाल ती घेऊन आला होता. मालक त्याला शेठ म्हणायचा. गाडी उजव्या बाजूने नवरीसारखी सजवली होती. ताजा पिवळा रंग, टायरांना काळं पॉलिश. डाव्या बाजूला वाळलेला चिखल तसाच.

बारकी फडकं घेऊन माझ्या कडेकडेने पुसत फिरली आणि गाडीच्या डाव्या अंगाला येऊन थांबली. तिथून उठलीच नाही.

"बाबा, इकडे या. हाताच्या कोपराशी वेल्डिंग उघडलंय. चीर आहे, नख जातंय आत."

शेठ हसला. "अगं बेटा, रंगाचा पापुद्रा आहे तो. जुना रंग असाच सुटतो."

"रंगाच्या पापुद्र्यातून गंज ओघळतो का?"

"बारके," मालक म्हणाला. आवाज चढवला नाही. वडीलधाऱ्यांना आवाज चढवावा लागत नाही, नाव घेतलं की काम होतं. "आपण फोटो काढतो. गाड्या तपासत नाही. उजवी बाजू काढ. नेहमीसारखं."

"आणि डावी?"

"नेहमीसारखं म्हटलं ना?"

आत्याने चहाचा कप ठेवला. "वडिलांना उलट प्रश्न विचारू नये, ग. त्यांना जास्त कळतं."

बारकी कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली. मग तिने बटण दाबलं. मी अर्धी फिरले, थांबले, उलटी फिरले. संध्याकाळपर्यंत मालकाने पडद्यावर गाडीला दुसरी बाजू बनवली. चालकाची जागा भलतीकडे दिसू नये म्हणून काचा काळ्या केल्या. टाकीचं झाकण एकीकडून पुसलं. दोन्हीकडून झगझगीत पिवळी अशी ती गाडी बोटाने फिरायला तयार झाली. पडद्यावर हाताचं डावं कोपर अखंड होतं, कारण ते उजवंच होतं.

दुकानांच्या पाट्या लावणाऱ्या एका कंपनीने ती फिरवून बघितली आणि घेतली. काही महिन्यांनी हात कोपरातून मोडला. पिंजरा खाली आला. पिंजऱ्यात एक पाटीवाला होता.

तो मेला नाही. कंबरेखालचं सगळं मेलं.

पुढचं सगळं मोठ्या माणसांनी केलं, म्हणजे अगदी सुबक केलं. शेठ म्हणाला, मी विकली तेव्हा गाडी धडधाकट होती, हे बघा फोटो, फिरवा हवे तसे. कंपनी म्हणाली, मग याच माणसाने पिंजऱ्यात जास्त वजन चढवून हात मोडला असणार. चूक त्याची ठरली की कामावरून काढता येतं आणि औषधपाण्याचा खर्च टाळता येतो. बिछान्यात पडलेला माणूस गुन्हेगार झाला. पुरावा माझ्यावर काढलेला होता.

एका दुपारी त्याची बायको स्टुडिओत आली. हातात मोबाइल, त्यात ती पिवळी गाडी. उंबऱ्यावर चप्पल काढून आत आली, जणू दवाखान्यात आलीय.

"हे फोटो तुम्हीच काढले ना? मूळचे बघायला मिळतील का? आमचे हे म्हणतात, कोपराशी पहिल्या दिवसापासून करकर वाजायचं. कंपनीच्या साहेबाला सांगितलं तर साहेब म्हणाला, फोटोत बघ, काही नाही."

"मूळ फोटो आम्ही ठेवत नाही," मालक म्हणाला. हे खरं होतं. जागा मोकळी करायला तो सगळं पुसून टाकायचा. "आणि बाई, या फोटोत चीर दिसते का तुम्हाला?"

"नाही."

"दिसत नाही ना? मग नव्हती."

"अहो, पण त्यांनी काही केलेलं नाही हो. सरकारी चौकशीवाले साहेब येणार आहेत. त्यांची चूक ठरली तर उपचार बंद होतील. पाठीला जखमा झाल्यात, रोज धुवाव्या लागतात. मी एकटी त्यांना कूस पण बदलू शकत नाही."

"देव बघतोय सगळं," आत्या म्हणाली.

ती बाई गेली. बारकी दिव्यांच्या मागे उभी होती. बाहेर आली ती सरळ बापासमोर.

"बाबा, साहेबांना सांगा. डावी बाजू काढलीच नव्हती म्हणून."

"आणि उद्यापासून खायचं काय? आजवर दिलेल्या सगळ्या फोटोंची चौकशी लागेल. तुला अक्कल आहे का? बापाला तुरुंगात घालायला निघालीस!"

"एक माणूस कुशीवर वळू शकत नाही, बाबा."

"आपण नाही पाडलं त्याला."

"आपण नाही दाखवली चीर त्याला."

मालकाने हात उगारला. मारलं नाही. मी एवढ्या वर्षांत त्याला मारताना कधी बघितलं नाही आणि त्याची त्याला फार घमेंड होती.

फोटो नव्हते. नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? एका बाजूला पांढऱ्या केसांचा प्रतिष्ठित माणूस, दुसऱ्या बाजूला कॉलेज अर्धवट सोडलेली पोर. दुसऱ्या दिवशी बारकी विजेरी घेऊन माझ्याखालच्या खड्ड्यात उतरली. कशाला, ते तिलाही नीट माहीत नसावं. कदाचित नुसतं रडायला. पण विजेरीचा उजेड माझ्या दातांवर पडला आणि ती आणखी आत सरकली.

अर्धे दात घासून, झिजून आरशासारखे चकचकत होते. आणि एका ठिकाणी, एकदम, चकाकी संपत होती. पुढच्या अर्ध्या कड्यावर वाळून दगड झालेलं ग्रीस, त्यावर धुळीचा थर, थरात अडकून मेलेले किडे, एका फटीत कोळ्याचं जुनाट जाळं. त्या दातांना छोटं चाक कित्येक वर्षांत शिवलं नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्यावर पूर्ण फेरीचा एकही फोटो निघालेला नाही, हे माझ्या पोटावर लिहिलेलं होतं.

"म्हातारे," ती पुटपुटली, "तुझं पण अर्धवटच की गं सोडलंय."

मला फिरवून फोटो काढणं शक्य नव्हतं. पूर्ण फिरले असते तर चाकाने ती धूळ, ते जाळं सगळं चिरडलं असतं. म्हणून बारकी कॅमेरा घेऊन, पोटावर पडून, कोपरांवर सरपटत माझ्याभोवती फिरली. थोडी सरकली की थांबायची, एक फोटो. पुन्हा थोडी, पुन्हा फोटो. मी आयुष्यात पहिल्यांदा जागची हलले नाही आणि कॅमेरा माझ्याभोवती फिरला. या स्टुडिओत किती काळाने कुणाची तरी पूर्ण फेरी होत होती. नेमकी माझी. काळ्या कोपरांनी ती वर आली आणि चौकशीच्या साहेबांना आणायला तशीच निघाली.

आत्याने ती कोपरं बघितली. आत्या बाकी काही बघत नाही, पण घरातल्या मुलीचे हात कशाने काळे झाले ते तिला लगेच दिसतं. तिने भावाला सांगितलं. मालक खड्ड्याशी वाकला, आत डोकावला आणि क्षणात सगळं समजला. तो मूर्ख कधीच नव्हता.

त्याने पान्हा घेतला, माझ्या कडेचा तो खटका काढून फेकला आणि बटण दाबलं. ज्याने एवढी वर्षं मला पूर्ण फिरू दिलं नाही, तो आता घाम पुसत म्हणत होता, "फिर. फिर गं. एकदाच पूर्ण फिर."

"ऐक रे देवा," आत्या हात जोडून म्हणाली. माझ्यासाठी प्रार्थना होण्याची ही पहिलीच वेळ.

अर्ध्यापर्यंत मी सवयीने गेले. त्यापुढे छोटं चाक त्या वाळलेल्या ग्रीसमध्ये घुसलं. कड्कन आवाज आला. दोनचार दात निखळले. मग अशी किंकाळी निघाली की आत्याने कान झाकले. मोटरमधून धूर आला आणि मी तिरकी अडकून थांबले. मुद्दाम अडले, सत्यासाठी उभी ठाकले, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी लोखंड आहे. ज्या दातांना इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, त्यांना गंज चढला होता, एवढंच.

धूर विरायच्या आत बारकी साहेबांना घेऊन आली. मागे ती बाई पण होती.

"काम चालू होतं?" साहेबांनी नाकाला रुमाल लावत विचारलं.

"डागडुजी," मालक म्हणाला.

साहेब स्थूल होते. कष्टाने खड्ड्यात उतरले आणि बराच वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा एका हाताचं बोट स्वच्छ होतं, दुसऱ्या हाताचं काळंकुट्ट. दोन्ही बोटं त्यांनी मालकासमोर धरली.

"अर्धे दात झिजलेत, अर्ध्यांवर जाळं आहे. मधले आत्ताच तुटलेत, हिच्या फोटोत शाबूत आहेत. ही पूर्ण फिरायची कधी बंद झाली?"

मालकाने बोटांकडे बघितलं. साहेबांकडे बघितलं. मग मुलीकडे न बघता म्हणाला, "फोटोचं सगळं हीच बघायची. मी फक्त काम आणायचो. मला यातलं काही माहीत नाही."

"हो," आत्या म्हणाली. "हीच बघायची. पहिल्यापासून आपल्या मनाची."

बारकीने मान वर केली. मला वाटलं, ही आता रडेल. ती रडली नाही.

"बटण मी दाबलं," ती साहेबांना म्हणाली. "चीर बघून दाबलं. लिहून घ्या. आणि तो पडलेला खटका दिसतोय ना? अर्ध्यावर उलटवणारा. तो कुणी बसवला ते पण लिहा. तेव्हा मी शाळेत होते."

साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं. मालक स्टुलावर बसला. एकदम म्हातारा दिसायला लागला. माणसं पकडली गेली की म्हातारी होतात आणि मग आपण त्यांची कीव करायची असते. बारकीने केली नाही. मीही नाही.

पाटीवाला निर्दोष ठरला. उपचार चालू राहिले. कुशीवर वळवायला आता दोघी नर्स येतात म्हणे. तो उठणार मात्र नाही. बाप आणि मुलगी, दोघांवर खटला चालणार आहे, एकाच कागदावर दोघांची नावं.

त्या दिवशी साहेब निघून गेल्यावर ती बाई दाराशी थांबली. बारकीला वाटलं असावं, ही आता काहीतरी चांगलं बोलेल. मला पण वाटलं होतं.

"तुला दिसली होती ना चीर?" तिने विचारलं.

"हो, ताई."

"त्याच दिवशी?"

"हो."

"मग?"

"बाबा म्हणाले, नेहमीसारखं काढ."

"आणि तू ऐकलंस."

बाईने चप्पल पायात सरकवली आणि गेली. बारकी दारातच राहिली. आपण बापाच्या तोंडावर बोलणारी, असं तिला स्वतःबद्दल वाटत होतं. बोलली होती खरी. पण बटणही दाबलं होतं.

आता स्टुडिओला सील आहे. मी तिरकी अडकलेली आहे, माझ्यावर कुणी चढत नाही. पांढरा रंग पापुद्र्यांनी सुटतोय. पलीकडच्या गाळ्यात म्हणे दुसरी तबकडी बसवलीय, नवी, माझ्याहून मोठी. भिंतीतून तिची घरघर ऐकू येते. मी कान लावून असते. फिरते, थांबते, फिरते, थांबते. मग, बरोबर अर्ध्यावर, ती उलटी फिरायला लागते.

तिच्या कॅमेऱ्यामागेही कुणीतरी तरुण उभं असणार. पोरा, किंवा पोरी, जे कुणी असशील ते. तुझ्यामागे खुर्चीत बसलेला माणूस तुझा बाप असेल, मामा असेल, साहेब असेल. तो शांत आवाजात तुझं नाव घेईल. तेव्हा उलट उत्तर देऊन थांबू नकोस. उत्तर देणं सोपं आहे. बटणावरून हात काढ.